डाव्या पायाचं पायताण

दुपारी साडेतीनला विद्यापीठातली शर्वाणी
दोन परदेशी माणसं घेऊन सुभाषनगरात आली.
एक बाई, एक बाप्या. ठेंगणी, रंगानं आमच्यासारखीच.
"मेक्सिकोची आहेत," म्हणाली, "रात्री शाहू स्मारकात नाच आहे
आणि यांचं पायताण फुटलंय."

आण्णा हातातली आरी न ठेवताच म्हणाले, बघू.

वर चामड्याच्या वाद्या, खाली बोटभर जाड लाकूड,
टाचेपासून चवड्यापर्यंत उभी चीर.
आण्णांनी ते कानापाशी नेलं, पेरानं वाजवलं,
वास घेतला, वादीची वीण उलटीपालटी केली.
"ही गाठ आपल्यात घालत्यात," म्हणाले.
"भावकी लागती ह्येंची कुठंतरी."
भावकीला तिकडं काय म्हणतात
शर्वाणीला ठाऊक होतं की नाही देव जाणे,
पण बाप्या मोठ्यांदा हसला.

एपिफानियो त्याचं नाव. तळ्याकाठचं गाव, बस चालवतो.
ती एलोदिया. दवाखान्यात नर्स, रात्री व्हायोलिन.
मंडळात एक पाववाला, दोन मास्तर,
एकजण मासे धरायची जाळी विणतो.
आण्णा मान हलवत राहिले.
हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

लाकूड पाहिजे होतं. कोरडं, बिनगाठीचं.
सोमवार. वखारी बंद.
आण्णा उठले, एलोदियाला हातानं बाजूला सरकवलं,
ती बसली होती त्याच पेटीच्या झाकणाला
करवत लावली.

पेटी सोंगी भजनाची.
आत अजून दोन दाढ्या, एक जटा, विरलेला शालू,
तीन टाळ. चौथा कुणी नेला कळलं नाही.
अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीनंतर ती उघडली नव्हती.
म्हणजे उघडली असेल, मी बघितली नाही.
पंचविशीतले आण्णा म्हाताऱ्याचं सोंग काढायचे.
इतकं हुबेहूब, आई सांगायची,
की आजा चार दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता.

सागवानाचा भुसा माझ्या पायांवर पडत राहिला.

किती द्यायचे?
काही नको, म्हणाले आण्णा. मग म्हणाले, चाळीस द्या.
कामाचे. लाकडाचे न्हाईत.

रात्री आम्ही दुसऱ्या रांगेत.
चार म्हातारे आले. लाकडी मुखवटे, गुलाबी गाल,
बोळकी हसू, टोप्यांवर रंगीबेरंगी फिती,
काठीवर मोडलेल्या कंबरा.
एक खोकला, दुसऱ्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला,
तिसरा पडला, त्याला उठवायला गेलेला चौथा त्याच्यावरच.
मागनं कुणीतरी ओरडलं, "आरं उठ की म्हाताऱ्या!"
तेवढ्यात एलोदियानं गज ओढला
आणि म्हातारे सुटले.
टाचा अशा पडायला लागल्या
की लेझमीची पोरं खुर्च्यांवर चढली.

आण्णांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपले.
मग माझ्या मांडीवर बोट पडलं,
टक.
काही ठोके जाऊ दिले. पुन्हा,
टक.
"ह्यो आपला," म्हणाले. "जरा भरीव वाजतोय."
मला सगळे सारखेच ऐकू येत होते.
खोटं कशाला बोलू.

बाहेर दसरा चौकात गर्दी.
आण्णा काठी टेकत पुढं निघालेले,
अठ्ठ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे कामातनं गेलेले.
एकाएकी खोकले. कंबर आणखी वाकली,
काठी लटपटली, मोकळा हात
हवेत काहीतरी धरायला गेला.
मी माणसं ढकलत पळालो.

पोचलो तेव्हा ते ताठ उभे,
रिक्षावाल्याशी भाड्यावरनं घासाघीस करत.
"किती येळ लावलास," म्हणाले,
माझ्याकडं न बघता.